दुपारी एक ते चार

दुपारी एक वाजला की सदाशिव पेठेतला तो बोळ झोपायचा. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. आधी भाग्यश्रीकाकूंच्या शिलाई मशीनची खडखड थांबायची, मग समोरच्या श्रीनिवासकाकांचा रेडिओ गप्प व्हायचा, आणि शेवटी क्लासवरून परतणारी एखादी स्कूटी कोपऱ्यावर वळून उन्हात विरघळून जायची. त्यानंतरचे तीन तास असे, की एखादी टाचणी पडली असती तर तिनंच ओशाळून इकडेतिकडे बघितलं असतं.

त्या तीन तासांत जागी असायची एकटी उत्कर्षा. नववीतली, सकाळच्या शाळेची. आतल्या खोलीत आई झोपली की ही पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गजांतून पाय बाहेर सोडून बसायची. डोळे पूर्ण नाही, अर्धे मिटायचे. मग त्या बोळाचं हवं ते करता यायचं. मार्चच्या उन्हात फरश्या थरथरायला लागल्या की त्यांचं पाणी व्हायचं, विजेच्या तारांच्या वेली व्हायच्या, आणि पार्किंगमधल्या गाड्या शेपट्या पोटाशी घेऊन झोपलेली जनावरं. कुठूनतरी मोहाचा गोड, जडसर वास यायचा. उत्कर्षानं मोह जन्मात पाहिला नव्हता. पण विजयमालाताईंनी सांगितलं होतं ना, की पहाटे फुलं पडतात तेव्हा टप टप असा आवाज होतो आणि सगळं रान गोड होतं. तेवढ्यावर तिनं अख्खं जंगल उगवलं होतं!

विजयमालाताई म्हणजे पलीकडे नारायण पेठेतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या ताई. मूळच्या गडचिरोलीच्या. त्यांच्याकडच्या बेचाळीस मुलीही तिकडच्याच, जंगलातल्या गावांतल्या. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्या सोसायटीच्या मीटिंगला आल्या होत्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलल्या होत्या.

"आमच्याकडे गावाच्या एका अंगाला पोलिसांचा कॅम्प अन् दुसऱ्या अंगाला बंदूकवाले दादालोक. मधात लेकरं. कोणी म्हणते हा डबा जंगलात पोचव, कोणी म्हणते जंगलात कोण दिसलं ते सांग. अन् या भानगडीचा फायदा घेणारे तिसरेच राहतात. गाडीवाले, ठेकेदार. ते लेकराले काहीबी करतात अन् वरून म्हणतात, बोललीस तर तुह्या बापाले खबऱ्या ठरवतो. तिकडे खबऱ्या ठरलेला माणूस सकाळी घरात दिसत नाही. मग लेकरू कशाले बोलते?"

पार्किंगमधल्या खुर्च्या पुढे सरकल्या होत्या.

मग त्यांनी सुपाची गोष्ट सांगितली. त्यांच्या सहा गावांतल्या बायांनी ठरवलं, ज्या घरात लेकराला आसरा मिळेल त्या घरानं दारावर सूप पालथं टांगायचं. कुठलंही लेकरू आत शिरेल, कधीही. आधी पेज द्यायची. पोट भरेपर्यंत नाव विचारायचं नाही. झोप झाल्याशिवाय गाव विचारायचं नाही. काय झालं, हे तर विचारायचंच नाही, ते आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचं. आणि ऐकलेलं एकटीनं पोटात ठेवायचं नाही. सूप खाली काढायचं नि वाजवायचं, की बाकीच्या बाया हातातलं टाकून येतात.

"एका बाईले धमकावता येते," ताई म्हणाल्या. "साठ जणींले धमकावायचं म्हणजे दिवस पुरत नाही."

"आमच्याकडे सूप वाजलं म्हणजे संमेलन संपलं, चला घरी," श्रीनिवासकाका म्हणाले. ते चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते आणि बोलायचेही पाटीसारखंच.

"आमच्याकडे तवाच सुरू होते," ताई हसल्या.

आणि तेव्हा उत्कर्षा उठली होती. हो, उत्कर्षा! सातवीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणताना जिचा आवाज फुटायचा नाही, जी यंदा गॅदरिंगचं निवेदन करून आली नि तेव्हापासून जिचं बंद करायचं बटण आई शोधत होती, ती. "मग आपल्या बोळात का नाही करायचं? त्या मुली रोज इथूनच तर शाळेत जातात."

"आणि विचारायचं नाही?" श्रीनिवासकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "सदाशिव पेठेत? अगं, आम्ही पोस्टमनलासुद्धा पत्रात काय आहे ते विचारतो."

पण मंडईमागच्या बुरूड आळीतून तीन सुपं आली, ती त्यांनीच आणली. एक त्यांच्या दाराला, एक भाग्यश्रीकाकूंच्या दुकानाला, एक उत्कर्षाच्या जिन्याखाली. आता इथल्या लोकांना सुपाचा अर्थ कसा कळणार, म्हणून प्रत्येकाखाली पाटीही हवीच. पिवळ्यावर काळी अक्षरं: 'या घरी कोणत्याही मुलास आसरा मिळेल. काहीही विचारले जाणार नाही.' त्याखाली वेळ. वेळेशिवाय पाटी असते का कुठे? शेवटची ओळ काकांनी लाल रंगाचा ब्रश देऊन उत्कर्षाकडून रंगवून घेतली, तिन्ही पाट्यांवर. 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.' इतका देखणा 'नये' तिनं आयुष्यात काढला नव्हता. खाली दोन रेघाही ओढल्या, झोकात.

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. बोळात जन्मलेल्यांना ती ओळ दिसतच नाही, हवा दिसत नाही तशी.

ती मुलगी पहिल्यांदा आली एका मंगळवारी.

उत्कर्षाचं जंगल तेव्हा छान दाटलं होतं. वसतिगृहाच्या धाकट्या मुलींची रांग शाळा सुटून चालली होती, पुढे निशा नावाची एक मोठी मुलगी. रांगेच्या शेपटीतून एक ठिपका सुटला. आठेक वर्षांची, निळा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. ती श्रीनिवासकाकांच्या दारापुढे थांबली. सुपाकडे बघितलं. मग पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. लाल ओळीशी बोट थांबलं. तिनं हात मागे घेतला, हळूच, तव्याला लागल्यासारखा. भाग्यश्रीकाकूंच्या दारी गेली, तिथेही बोट, तिथेही तेच. उत्कर्षाला वाटलं, हरीण आलंय. माणसांच्या गावात वाट चुकलेलं हरीण दारोदार वास घेत हिंडतंय. तिला ते इतकं सुंदर वाटलं की तिनं श्वास रोखला.

"मैनीऽऽ! चल नं!" कोपऱ्यावरून निशानं हाक मारली, नि हरीण मान खाली घालून गेलं.

शुक्रवारी परत. तेच बोट, तीच ओळ, तीच हाक. या वेळी उत्कर्षानं वरून हात हलवला. मुलीनं वर पाहिलं आणि झटकन दप्तराच्या पट्ट्यात तोंड लपवलं.

"आई, एक मुलगी रोज आपली पाटी वाचते. इतकी गोड आहे ना!"

"वाचू दे की. तुझं अक्षर कोणीतरी वाचतंय," आई म्हणाली. "आमच्या नशिबी तुझी वही आहे."

पुढचा मंगळवार. ऊन असं, की जंगलसुद्धा कोमेजलं होतं. रांग आली, गेली. हाक आलीच नाही, कारण रांगेला कळलंच नव्हतं. भाग्यश्रीकाकूंच्या दुकानासमोरच्या स्कूटींच्या मागून निळा फ्रॉक उठला. आज तिनं पाटी वाचली नाही. सरळ आली ती उत्कर्षाच्या जिन्याखाली, सुपाच्या बरोब्बर सावलीत, आणि वर बघून तिनं विचारलं,

"ताई, चार वाजले काय?"

"छे गं! आत्ता कुठे अडीच."

मुलीनं मान डोलावली. समजूतदारपणे, मोठ्या बाईसारखी. ऑफिसात 'साहेब जेवायला गेलेत' असं ऐकून माणसं डोलावतात तशी. सावलीतून बाहेर आली आणि नारायण पेठेच्या दिशेनं चालू लागली. पावलं अशी, की एकेक फरशी मोजून टाकतेय. जेवढं उशिरा पोचता येईल तेवढं.

चार?

उत्कर्षाची नजर समोरच्या पाटीवर गेली. लाल ओळ. झोकदार 'नये'. खाली दोन रेघा.

जंगल, मोह, हरीण, सगळं एका क्षणात उतरलं, आणि उरली एक आठ वर्षांची मुलगी. तीनदा आली. तीनदा आपण तिला परत पाठवलं. आपल्याच अक्षरांनी, रंगीत!

चपला नाहीत, ओढणी नाही, उत्कर्षा जिना उतरली. "मैनी! ए मैनी! थांब!"

मुलगी थांबली. "बेल नाही वाजवली मी," ती घाईनं म्हणाली.

उत्कर्षाला एकदम शंभर प्रश्न आले. कुठे चाललीस, का लपलीस, वसतिगृहावर का नाही जात, कोणाला घाबरतेस? सगळे जिभेवर येऊन उभे, बसच्या दारात उभे राहतात तसे. आणि ही कोण, तर बंद करायचं बटण हरवलेली मुलगी. तिनं ओठ दातांखाली घेतले. नुसता हात पुढे केला.

बराच वेळ तो हात उन्हात तसाच राहिला. मग त्यात दोन गार बोटं आली.

वर आई डोळे चोळत बाहेर आलीच. "कोण गं ही? कुठल्या शाळेत? नाव काय तु..."

उत्कर्षानं तोंडावर बोट ठेवलं. आईनं तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, तिच्या फ्रॉकच्या मुठीत आवळलेल्या कडेकडे पाहिलं. अर्धा 'तुझं' गिळला. सदाशिव पेठेत हे सोपं नाही. मग न बोलता आत जाऊन तिनं मऊ भात, मेतकूट, तूप कालवलं आणि वाटी जमिनीवर ठेवली.

मैनी खाली बसली, मग सरकत सरकत टेबलाखाली गेली, वाटी घेऊन. तिथे ती जेवली. पंख्याचा आवाज होता आणि वाटीवर चमच्याचा. जेवण झाल्यावर ती तिथेच दप्तरावर डोकं ठेवून आडवी झाली. उत्कर्षाही टेबलाबाहेर फरशीवर लवंडली, तिच्याकडे तोंड करून. फरशी गार होती. पडद्यातून गाळलेलं ऊन छतावर पाण्यासारखं हलत होतं, आणि मैनी त्याकडे बघत होती, आणि उत्कर्षाला वाटलं, आता या क्षणी हिला आणि मला दोघींना एकच नदी दिसतेय.

"आमच्या नदीत मासे असेच पळतात," मैनी म्हणाली.

उत्कर्षानं नुसतं ऐकायचं होतं.

मधे खूप वेळ गेला. किंवा नसेल गेला. दुपारी तसं कळत नाही.

"मंगळवारी अन् शुक्रवारी टेम्पो येते," मैनी छताला सांगू लागली. "मंडईतून आमच्या होस्टेलवर भाजी घेऊन. संजयकाका. तो आमच्याच तिकडचा आहे, आमची बोली बोलते. आधी चिंचा द्यायचा. मग म्हणे टेम्पोत पुढे बस." ती थांबली. तिचा हात आपोआप मानेशी गेला, फ्रॉकची कॉलर आवळून धरली. "मले नाही आवडत तो हात लावते ते. तो म्हणते, सांगितलं तर मी दादालोकांले फोन करतो. तुहा बाप खबऱ्या आहे म्हणतो. मग ते बाले घेऊन जाते. काकाले नेलं तसं."

उत्कर्षाच्या ओठांवर आलं होतं, 'मी कोणालाच सांगणार नाही हं.' तेच म्हणतात ना मैत्रिणी? पण ते खोटं झालं असतं, आणि हिला खोटं खूप जणांनी सांगून झालं होतं.

"मैनी, मी हे सांगणार आहे," ती हळू म्हणाली. "पण तू म्हणशील त्यांनाच."

कॉलरवरची मूठ सुटेना.

"ज्यांच्या दारावर सूप आहे," मैनी म्हणाली, "त्यांले."

तीनला दहा कमी होते. उत्कर्षानं जिन्याखालचं सूप काढलं, स्वयंपाकघराच्या दाराशी ऐकत उभ्या असलेल्या आईच्या हातातलं लाटणं घेतलं आणि बोळाच्या मधोमध उभी राहिली. एक क्षण हात उचलेना. जन्मापासूनची सवय! तीन पिढ्यांची झोप त्या बोळात पसरलेली, आणि ती मोडायची म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं. मग तिनं डोळे मिटले आणि लाटणं हाणलं.

बांबूचा आवाज कोरडा, फटाफट. भिंतींवर आपटून तो दुप्पट झाला, चौपट झाला, कबुतरं उडाली, आणि उत्कर्षाला मिटल्या डोळ्यांनी स्पष्ट दिसलं, की दूर कुठेतरी मोहाच्या झाडाखाली बायका मान वर करून ऐकतायत.

"काय चाललंय काय? वेळकाळ काही..." श्रीनिवासकाका बनियनवर बाहेर आले. सूप पाहिलं. उत्कर्षाचं तोंड पाहिलं. पुढचे शब्द त्यांनी तसेच ठेवले आणि आत वळून बायकोला म्हणाले, "अहो, उठा. चष्मा द्या माझा."

भाग्यश्रीकाकू गळ्यात टेप तशाच आल्या. वरच्या मजल्यावरच्या दोघी गाऊनवर आल्या. सगळे वर खोलीत आले, आईनं मैनीशेजारी बसून चार वाक्यांत सगळं सांगितलं, मैनीनं मान हलवून हो म्हटलं, आणि कोणी, अगदी कोणीही, तिला एकसुद्धा प्रश्न विचारला नाही.

आईनं विजयमालाताईंना फोन लावला, मग मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला. ताई वसतिगृहाच्या मागच्या अंगणात सामान लावून घेत होत्या. टेम्पो अजून फाटकातच होता.

"पोलीस येईस्तोवर त्याला थांबवायला हवा," भाग्यश्रीकाकू म्हणाल्या.

"ते माझ्याकडे लागलं," श्रीनिवासकाकांनी शर्टाची बटणं लावली. चेहरा असा, की उत्कर्षा दचकलीच. "इतके दिवस विचारायची बंदी होती ना? सगळं साठलंय."

आणि त्या दुपारी नारायण पेठेच्या त्या फाटकात संजय टेम्पोवाल्याला जे विचारलं गेलं, ते पेठेच्या इतिहासात कोणाला विचारलं गेलं नसेल. नाव काय? पूर्ण सांगा. गाव? तालुका? टेम्पो कोणाच्या नावावर? लायसन दाखवा. फोटो तुमचाच का? पाच-सहा जणांनी टेम्पोला घेरलेलं, गाऊन, बनियन, टेप. तो खिडकीची काच वर करायला लागला तर काकांनी त्यावर हात ठेवला. "भाजी मंडईतून कितीला निघते? इथे यायला एवढा वेळ का लागतो? मधे कुठे थांबता? अहो, मी आपल्याशी बोलतोय." वीस मिनिटं. त्याचा घाम गळून शर्ट ओला झाला, आणि मग एक महिला पोलीस अधिकारी मोटारसायकलवरून उतरली आणि म्हणाली, "आता पुढचं मी विचारते."

उत्कर्षा तिथे नव्हती. ती टेबलाखाली होती, मैनीशेजारी. वाकून, डोकं फळीला लावून, घडी होऊन.

एक गोष्ट राहिली होती. ती मैनी रोज विचारायची, आणि तिला विचारायला बंदी नव्हती. "बाले नेलं काय?"

विजयमालाताईंनी त्याच संध्याकाळी गावात फोन केला होता. तिसऱ्या दिवशी उलटा फोन आला. सहा गावांतल्या बायांनी सुपं वाजवत मैनीच्या बापाला गावाच्या मधोमध आणून बसवलं होतं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं होतं, की हा खबऱ्या नाही, हे नाव एका पुण्यातल्या टेम्पोवाल्यानं लेकराचं तोंड बांधायला वापरलंय, आणि ज्याला पाहिजे त्यानं हे जंगलात पोचवावं, कॅम्पातही पोचवावं.

"आता काही होणार नाही असं म्हणत नाही मी," ताई उत्कर्षाच्या आईला म्हणाल्या. "पण तो आता एकटा नाही तिथे."

मग त्यांनी मैनीच्या कानाला फोन लावला. पलीकडून कोणीतरी तिच्या बोलीत बोललं. मैनी ऐकत राहिली, आणि तिची कॉलरवरची मूठ सुटली. उत्कर्षानं ते पाहिलं. बोटं एकेक करून सुटली.

शनिवारी सकाळी श्रीनिवासकाका पिवळ्या रंगाचा डबा घेऊन दारात उभे. "शेवटची ओळ कोणाची?"

"माझी."

"वेळ घालायचं डोकं कोणाचं?"

"माझं," काकांनी स्वतःच उत्तर दिलं, नि ब्रश पुढे केला. "अर्धी तू पूस, अर्धी मी."

'नये' पुसायला दोन हात लागले. लाल रंग चांगलाच पक्का बसला होता.

त्याच आठवड्यापासून बोळात जागायच्या पाळ्या लागल्या. रोज एका घरानं दुपारी एक ते चार डोळे उघडे ठेवायचे. कुरकुर तर इतकी, की विचारू नका. भाग्यश्रीकाकूंनी सोमवार घेतला आणि जाहीर केलं, की जागायचंच आहे तर ब्लाऊजला हुक लावून होतील. मंगळवार श्रीनिवासकाकांचा.

एप्रिलचा पहिला मंगळवार. अडीच. उत्कर्षा गॅलरीत पाय सोडून. फरश्यांचं पाणी झालं होतं, तारांच्या वेली झाल्या होत्या. धाकट्यांची रांग बोळात शिरली आणि शेपटीचा ठिपका सुटला. टेम्पो तर आता येत नव्हता. भाजी आता ताई स्वतःच मंडईतून आणायच्या. उत्कर्षा ताठ बसली. एक पाय आत घेतला, जिन्याकडे धावायच्या तयारीत.

मैनी श्रीनिवासकाकांच्या दारापुढे आली. सुपाकडे बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टाचा उंचावल्या आणि बेलवर बोट दाबून धरलं. ट्रिंऽऽऽग! अख्ख्या झोपलेल्या पेठेत.

आणि पळाली! वेण्या उडवत, दप्तर आपटत, खिदळत, कोपऱ्यापर्यंत.

दार उघडलं. "कोण आहे? काय हवंय? कशा..." काकांनी जीभ चावली. रिकाम्या बोळाकडे पाहिलं. कोपऱ्यावर निळ्या फ्रॉकचं टोक हसून हसून हलत होतं.

"कार्टी!" काका ओरडले. मग वर गॅलरीकडे बघून, चष्मा पुसत, तितक्याच जोरात म्हणाले, "शुक्रवारी कोणाची पाळी आहे गं? सांगून ठेव त्यांना. बेल वाजवून पळते म्हणावं."